२०१५ सालातले तुमचे आवडते मराठी सिनेमे आणि गाणी कोणती? ('कट्यार' सोडून सांगा, ती गाणी मूळ नाटकातली आहेत)

कट्यार, म्हणजे 'कट्यार काळजात घुसली' या संगीत नाटकावरचा सिनेमा, सोडून का सांगू? प्रश्नातला कंस वाचला आणि ठरवलं की याचं उत्तर द्यायचंच. बाकीच्यांनी छान याद्या दिल्यात, त्यात कोर्ट आहे, किल्ला आहे, डबल सीट आहे, पण सगळ्यांनी मुकाट्याने कट्यार बाजूला ठेवली आणि मग यादी केली. मी नाही ठेवणार.

आधी हे बघा की सगळी गाणी नाटकातली नाहीतच. घेई छंद, तेजोनिधी, सुरत पिया की ही नाटकातली, संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांची. पण सूर निरागस हो, मनमंदिरा, दिल की तपिश, यार इलाही, अरुणी किरणी ही सिनेमासाठी नव्याने केलेली, शंकर-एहसान-लॉय यांनी. महेश काळेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो अरुणी किरणीसाठी, म्हणजे नव्याच गाण्यासाठी. आता सांगा, हे गाणं २०१५ च्या यादीत नाही घालायचं तर कुठल्या वर्षाच्या घालायचं?

"ती गाणी नाटकातली" हे वाक्य मी घरात इतकं ऐकलंय की पाठ झालंय. आमचे आतोबा. सांगलीचे, आणि नुसते सांगलीचे नाहीत तर नाट्यपंढरीतले, म्हणजे बोलायला सुरुवात केली की विष्णुदास भाव्यांचं १८४३ चं सीतास्वयंवर, तिथून देवल, तिथून बालगंधर्व, आणि शेवटचं स्टेशन वसंतराव देशपांडे, कट्यार नाटकातले गवई खाँसाहेब. त्यांनी कॉलेजात असताना वसंतरावांचे खाँसाहेब बघितलेत, पुढच्या रांगेत बसून. ते खरं भाग्य आहे, मी ते कमी लेखत नाही, मला मिळालं असतं तर मीही आयुष्यभर सांगत बसले असते. पण "मी वसंतरावांना पाहिलंय" हे वाक्य आलं की आमच्याकडे कुठलीही चर्चा तिथेच संपायची, समोरच्याने काय ऐकलं, त्याला काय वाटलं, याला काही किंमतच नाही.

माझे बाबा साखर कारखान्यात फिटर होते. गाणं शिकलेले नाहीत. पेटी कानावर शिकले, भजनी मंडळात, तीही मंडळाचीच पेटी, स्वतःची नंतर घेतली, जुनी. राग वगैरे नावं त्यांना येत नाहीत, पण चाल एकदा कानात बसली की पट्ट्या शोधून काढतात. सांगलीत कट्यारचे प्रयोग त्यांच्या तरुणपणी झाले असतीलच की, पण सीझन चालू असताना कारखान्यात पाळी बदलून मिळत नाही आणि सीझन नसताना तिकिटाला पैसे नसायचे. तेव्हा नाटक राहिलं. वसंतरावांना बाबांनी रेडिओवर ऐकलं, आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या रेडिओवर, ते पण कोणीतरी मध्येच बातम्या लावेपर्यंत.

२०१५ ची दिवाळी आठवत असेल तर पाडव्याला, १२ नोव्हेंबरला, तीन सिनेमे एकदम आले होते. सलमानचा प्रेम रतन, मुंबई-पुणे-मुंबईचा दुसरा भाग आणि कट्यार. आई आणि भाऊ सलमानकडे, मला खरं तर मुंबई-पुणे बघायचा होता, आणि बाबा जे कधी सिनेमाचं नाव काढत नाहीत ते म्हणाले की मी कट्यारला जाणार, कोणी येतंय का. मी गेले. संध्याकाळचा खेळ, थिएटर भरलेलं, आणि पब्लिक कोण तर सगळ्या प्रकारचं, नऊवारीतल्या आज्या होत्या, दिवाळीच्या नव्या शर्टातली पोरं होती, मागे कोणीतरी लहान बाळ घेऊन आलेलं. दिल की तपिश सुरू झालं आणि बाबांची बोटं मांडीवर हलायला लागली. गाणं संपेपर्यंत हलत होती. मी पडद्याकडे बघू का त्यांच्या हाताकडे, असं झालं होतं.

रात्री घरी आल्यावर माझा मोबाईल मागितला. इअरफोनचा एक बोंडूक एका कानात, दुसरा कान पेटीला लावलेला, भाता अर्धाच हलवत म्हणजे घरातले उठू नयेत, आणि एकेक सूर चाचपत बसले. किरवाणी राग आहे तो, मला नंतर एका मैत्रिणीने सांगितलं, कोमल गंधार, कोमल धैवत आणि निषाद मात्र शुद्ध. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. ते त्या धैवतावरून निषादावर जायचे आणि थांबायचे, परत यायचे, परत जायचे. "इथं काहीतरी हाय बघ," म्हणाले. तिथंच तर सगळं आहे त्या रागाचं, त्या दोघांतल्या लांब उडीत. शिकलेल्या माणसाला जी गोष्ट वहीत लिहून मिळते ती त्यांना बोटाला सापडली, सिनेमा बघून आल्यावर, रात्री, जुन्या पेटीवर.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. आत्या ओवाळायला आली, सोबत आतोबा. जेवणं झाली, आत्या म्हणाली, "दादा, वाजव की काहीतरी." बाबांनी पेटी काढली आणि रात्रीचं वाजवायला घेतलं, सुरुवातीचं तेवढं, जेवढं जमलं होतं तेवढं. आतोबांनी पान खाता खाता विचारलं हे कुठलं. बाबा म्हणाले कट्यारमधलं. आतोबा म्हणाले कट्यारमध्ये असलं काही नाही. मी म्हटलं, अहो आतोबा, सिनेमातलं आहे, काल बघून आलो. त्यावर ते जे बोलले ते मी अजून विसरलेले नाही. म्हणाले, "वसंतरावांची कट्यार ऐकली असतीत ना भाऊ, तर हे वाजवायला हात धजला नसता तुमचा."

बाबा काही बोलले नाहीत. भाता मिटला, खिटी लावली, पेटी कोपऱ्यात ठेवली. आत्याचं तोंड एवढंसं झालं, तिच्या भाऊबिजेला हे. मी बोलले. म्हटलं, आतोबा, बाबांनी नाटक बघितलं नाही कारण त्यांना पाळी होती, गाणं कळत नाही म्हणून नाही. आणि गाणं आवडायला आधी नाटकाचं तिकीट दाखवावं लागतं का? आईने डोळे वटारले, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये वगैरे, तो विषय तिथे बंद झाला. पण माझ्यासाठी बंद झालेला नाही, आणि म्हणून तुमचा तो कंस वाचून मी हे एवढं लिहितेय.

कारण पुढे काय झालं ते बघा. माघी गणपतीला आमच्या गल्लीतलं मंडळ गाण्याचा छोटा कार्यक्रम करतं. त्या वर्षी एक पोरगा बाबांकडे आला, गॅरेजमध्ये कामाला असायचा, नखांत कायम ग्रीस. म्हणाला काका, मला सूर निरागस हो म्हणायचंय, बसवून देता का. या पोराने त्याच्या आधी आयुष्यात नाट्यसंगीत ऐकलेलं नव्हतं, त्याच्या मोबाईलमध्ये सगळी वरातीची गाणी. बाबांनी बसवलं. मंडळातले सगळे काळी चारला, म्हणजे उंच पट्टीत गातात, तिथे पोराचा आवाज फाटायला लागला, मग काळी दोनला आणलं. जिथे शंकर महादेवन हरकत, म्हणजे सुरांची ती झटपट फिरत, घेतात तिथे पोरगा अडकायचा, बाबा म्हणाले ती सोड, सरळ जा, सूर लावून धर फक्त. आणि त्याने धरला. लोकांनी वन्स मोअर दिला हो त्याला! माघी गणपतीच्या मांडवात, जिथे एरवी लोक प्रसाद घेतला की निघतात. आत्या आली होती ऐकायला. आतोबा नव्हते आले, गुडघा दुखत होता म्हणे.

तोच पोरगा नंतर बाबांना विचारत होता की काका, ते जुनं नाटकातलं पण आहे ना, ते कुठं ऐकायला मिळेल. बाबांनी त्याला वसंतरावांचं घेई छंद ऐकवलं. म्हणजे सिनेमाने नाटक बुडवलं, असं जे म्हणतात ना, ते मला कोणीतरी समजावून सांगा की कसं बुडवलं. गॅरेजमधल्या पोरापर्यंत वसंतराव पोचवायला पन्नास वर्षांत कोण आलं होतं?

आणखी एक. सिनेमा केला कोणी? सुबोध भावे, राहुल देशपांडे, महेश काळे. २०१० साली हेच नाटक पुन्हा रंगमंचावर उभं केलं ते याच लोकांनी. राहुल तर वसंतरावांचे नातू, महेश काळे अभिषेकीबुवांचे शिष्य. म्हणजे ज्यांच्या घरातलं आणि ज्यांच्या गुरूचं हे गाणं आहे त्यांना सिनेमात गायला काही वाटलं नाही, आणि पुढच्या रांगेत बसून ऐकणाऱ्याला मात्र वाटतं की हे आपल्या मालकीचं आहे. बरं, नाटक तरी कधीतरी नवीनच होतं की. १९६७ साली नाट्यसंपदा या संस्थेने आणलं, पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांनी लिहिलेलं. त्याच्या आधी १९६४ ला मत्स्यगंधा नाटकापासून अभिषेकीबुवांनी नाट्यपदाचं रूपच बदललं होतं, तासभर चालणारी पदं आटोपशीर केली, चाली वेगळ्या लावल्या. जुन्या रंगभूमीच्या हिशोबाने तेसुद्धा नवीनच होतं. आतोबा ज्याला जुनं म्हणून कवटाळून बसलेत ते त्यांच्या वडिलांच्या पिढीला नवीन होतं.

असो. तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते.

कोर्ट. एप्रिलमध्ये आला. आमच्याकडे एकच खेळ लागला होता, तो पण दुपारचा, आणि गंमत म्हणजे त्याच महिन्यात मल्टिप्लेक्समध्ये मराठीला प्राइम टाइम द्या म्हणून सरकारने घोषणा केलेली आणि त्यावरून पेपरात रणकंदन चाललेलं. सिनेमा बघून माझ्या एका ऑफिसच्या मैत्रिणीने सांगितलं की बोअर आहे, कॅमेरा हलतच नाही. अगं, तो मुद्दामच हलत नाही. लोकशाहीर नारायण कांबळेंवर आरोप काय, तर तुमचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. आणि गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील ते सगळं इतक्या सपाट आवाजात वाचून दाखवते, वाणसामानाची यादी वाचावी तसं, आणि मग संध्याकाळी लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. मला राग यायला हवा होता तिचा, आला नाही, ती माझ्या ओळखीच्या दहा बायकांसारखी दिसत होती, आणि त्याचाच जास्त त्रास झाला. शाहिराचं काम केलेले वीरा साथीदार २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडने गेले. गाणी संभाजी भगतांची. लोक २०१५ च्या गाण्यांच्या यादीत ती धरतच नाहीत, का माहीत नाही, बहुतेक रिंगटोन म्हणून लावता येत नाहीत म्हणून.

हे मला नंतर सुचलं, पण त्या एका वर्षात मराठीत गाण्यावरचे दोन सिनेमे आले, एकात गाण्यापायी कट्यार उपसली जाते आणि दुसऱ्यात गाण्यापायी माणूस कोर्टात उभा केला जातो. दोन्हीत प्रश्न तोच आहे की कोण गाऊ शकतं आणि कोण नाही हे ठरवणार कोण. त्यामुळे माझ्या डोक्यात हे दोन सिनेमे कायम शेजारी शेजारी असतात, एक काढला तर दुसऱ्याचं पण काहीतरी कमी होतं.

ख्वाडा. भाऊराव कऱ्हाडेंनी जमीन विकून काढलेला सिनेमा. धनगराचं कुटुंब, मेंढरं, भटकंती, आणि पोराला लग्न करून एका जागी बसायचंय. याला ध्वनीसाठी राष्ट्रीय पुरस्कार आहे, जागेवर रेकॉर्ड केलेल्या आवाजासाठी, आणि तो का आहे ते थिएटरात बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत कळतं, मेंढरं तुमच्या मागून चालत जातात. टीव्हीवर बघितला असेल तर अर्धाच बघितलाय. गानं वाजू द्या तर लग्नांत इतकं वाजलं की सिनेमा कुठला ते लोकांना माहीत नव्हतं. मला ते गाणं आवडतं, मोठ्याने आवडतं. आतोबांना हे पण सांगून बघितलं, त्यांनी नावही ऐकलेलं नव्हतं.

किल्ला सुंदर आहे, पाऊस बघायचा असेल तर तोच बघा, अमृता सुभाषची आई फार खरी आहे. पण मला तो एकदा बघून पुरला. सॉरी, किल्लाप्रेमींनो.

डबल सीटमधलं किती सांगायचंय मला, हे त्या वर्षीचं प्रेमाचं गाणं. मितवातलं सावर रे मना तेव्हा आवडायचं, आता नाही आवडत. बाकीचं आठवत नाही म्हणजे नसणारच फार भारी.

तुम्ही मराठीच विचारलंय, पण एक हिंदी सांगतेच कारण ते मुद्द्याचं आहे. मसानमधलं तू किसी रेल सी. त्यातली ती पहिली ओळ दुष्यंत कुमारांच्या शेरावरून घेतलेली, तिच्यावर वरुण ग्रोव्हरने पुढचं गाणं लिहिलं, इंडियन ओशनचं संगीत. तेही २०१५ चंच. या गाण्याबद्दल कोणी म्हटलं का की मूळ शेर जुना आहे तेव्हा यादीतून काढा? नाही ना? उलट सगळे म्हणतात, वा, काय सुंदर पुढे नेलंय. मग हाच न्याय आपल्या घरच्या गाण्याला लावताना हात का आखडतो?

आता थोडं उलट्या बाजूचं पण सांगते, नाहीतर म्हणाल एकच बाजू धरून बसली. कट्यार सिनेमा म्हणून निर्दोष नाही. सिनेमाने खाँसाहेबांना जरा जास्तच काळं रंगवलं. नाटकातले खाँसाहेब इतके एकरंगी नाहीत, वर्षानुवर्षं डावललेला मोठा गवई म्हणून त्यांची कीव पण येते. शेवटचा भाग ताणलाय. आणि आतोबांचा एक मुद्दा मला मान्य आहे, मनापासून मान्य आहे, की नाटकात नट समोर उभा राहून गातो, त्या दिवशी घसा बसला असेल तर बसलेल्या घशाने गातो, लोकांनी वन्स मोअर दिला तर परत गातो, आणि पडद्यावर सचिन पिळगावकरांचे ओठ आणि राहुल देशपांडेंचा गळा असं आहे. ती मजा सिनेमात येणार नाही. घेई छंदच्या नाटकातल्या दोन वेगळ्या चाली, एक प्रसाद सावकारांची संथ आणि एक वसंतरावांची चढी, शब्द तेच पण घराणी दोन, हे कळायला जुनी रेकॉर्डिंग्जच ऐकायला हवीत. ऐका. जरूर ऐका. आधी सिनेमातलं, मग नाटकातलं, किंवा उलट, पण एकाच बैठकीत ऐका आणि कोणाला विचारू नका कुठलं श्रेष्ठ.

आणि तुमच्या घरी कोणी असं "आम्ही अमक्याला पाहिलंय" म्हणणारं मोठं माणूस असेल तर त्यांचं ऐकून घ्या, त्यांना खरंच काहीतरी दिसलेलं असतं, पण त्यांना हेही विचारा की तुम्ही ते किती जणांना ऐकवलंत. आमच्या आतोबांकडे जुन्या कॅसेटींचा डबाच्या डबा आहे. बाबा त्यांचे सख्खे मेहुणे, पेटी वाजवणारे, एकाच गावात राहणारे. एक कॅसेट कधी दिली नाही हो.

तर माझा क्रम: कोर्ट, कट्यार, ख्वाडा, आणि मग बाकीचे. गाण्यांत अरुणी किरणी एक नंबर, दिल की तपिश दोन, संभाजी भगतांची कोर्टमधली गाणी तीन, गानं वाजू द्या चार. अरुणी किरणी पहिलं का तर सकाळी सकाळी ऐकलं की महेश काळेंचा तो वरचा सूर लागतो तेव्हा मला अजून काटा येतो, दहा वर्षं झाली तरी. हे कारण पुरेसं आहे.

आतोबांनी सिनेमा अजून पूर्ण बघितलेला नाही. टीव्हीवर लागला होता तेव्हा सुरुवातीचं थोडं बघून उठले, असं आत्यानेच सांगितलं. तेवढ्यावर दहा वर्षं मत देतायत. तुम्हीही कंस टाकण्याआधी तो पूर्ण बघितला असेल अशी आशा करते, नसेल तर आधी बघा आणि मग खाली कमेंटमध्ये भांडू, मी आहेच.